ठासणीच्या बंदुकीचा दस्ता: तेल, तेजाब आणि पॉलिशपेपर

जुनी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद आणि गोळी ठासून भरायची बंदूक, हाती आली की पहिला मोह होतो तो तिचा लाकडी दस्ता घासून चकचकीत करण्याचा. जाणकार तो आवरायला सांगतात. का, ते कळायला त्या लाकडावर मुळात काय चढवलं होतं ते बघावं लागतं.

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन आणि स्विस कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. दस्ता लहरदार रेषांच्या मेपलचा. हे लाकूड मुळात फिकट, म्हणून नत्राम्लात, म्हणजे तेजाबात, लोखंड विरघळवून ते पाणी दस्त्यावर फिरवायचे आणि तापलेलं लोखंड जवळ धरायचे. बघता बघता लाकूड तांबूस तपकिरी व्हायचं आणि दडलेल्या लहरी वर यायच्या. मग जवसाचं तेल हाताने चोळून जिरवायचे. हा रंग लाकडात मुरतो खरा, पण फार खोल नाही.

सरकारी कारखान्यांत काम वेगळं होतं. थॉमस ब्लँचर्डने 1819 च्या सुमारास स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेसाठी असं लेथ बनवलं की नमुन्याच्या दस्त्यावरून एक चाक फिरे आणि शेजारच्या ओबडधोबड लाकडावर पातं तोच आकार कोरी. अमेरिकन यादवी युद्धातली 1861 ची स्प्रिंगफील्ड बंदूक याच परंपरेतली: .58 कॅलिबर (म्हणजे नळीचं भोक .58 इंच), 40 इंची नळी आणि काळ्या अक्रोडाचा दस्ता. त्यावर व्हार्निशचा चकाकता थर नव्हता, जवसाचंच तेल होतं. आपण चटणी करतो तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्यात हाताचा घाम, बारुदाची काजळी मिसळून वर्षानुवर्षं जी गडद साय धरते, ती नव्याने लावता येत नाही.

युद्धानंतर यातल्या कितीतरी बंदुका भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. पुढे विसाव्या शतकात हौशी नेमबाज पुन्हा ठासणीकडे वळले. अमेरिकेत त्यांची राष्ट्रीय संघटना 1933 साली स्थापन झाली. घराघरांत पॉलिशपेपर निघाला, आणि मला वाटतं, खरं नुकसान तेव्हा झालं.

सरकारी बंदुकीच्या दस्त्यावर चापाच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, विरुद्ध अंगाला कारखान्यातल्या तपासनिसांच्या आद्याक्षरांचे छाप असतात, इतके उथळ की कधी कधी फक्त बोटाला कळतात. चार हात घासले की गेले. दुसरी खूण त्याहून बोलकी: लाकूड झिजतं, लोखंड नाही. चापाची पट्टी, जी लाकडाशी अगदी सपाट बसवलेली असते, ती घासलेल्या दस्त्यात वर उचललेली दिसते. कडेवरून अंगठा फिरवला तरी पायरी लागते.

म्हणून आता आधी मऊ फडक्याने मळ काढतात आणि गरज असेल तिथेच तेलाचा पातळ हात देतात. पोचा आला असेल तर ओला फडका ठेवून वर तापलेली इस्त्री टेकवतात. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले मात्र येत नाहीत; ती खाच तशीच राहू देतात.