किती मिनिटांचा डाव?

लातूरला आमच्या गल्लीत नीटची तयारी करणारं एक पोरगं आहे. परवा त्यानं विचारलं, "काका, बुद्धिबळाचं सगळ्यात भारी इंजिन कोणतं हो?" इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. मी म्हणालो, "डाव किती मिनिटांचा, ते आधी सांग." त्याला वाटलं, काका टाळतायत. मग विचारलं, तुझा तीन तासांचा पेपर तासाभरात घेतला तर पहिले नंबर तेच राहतील का? तेव्हा कुठं गडी गप्प झाला.

घड्याळाची ही करामत जुनी आहे. 1994 साली लंडनला जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह 25 मिनिटांच्या डावांत चेस जिनिअस या प्रोग्रॅमकडून हरला. दोनच वर्षांनी फिलाडेल्फियात आयबीएमच्या डीप ब्लूसारख्या अगडबंब यंत्राला त्यानं 4-2 असं हरवलं. तिथं पहिल्या 40 चालींना दोन तास होते. घाईत माणूस चुकतो, यंत्र फारसं चुकत नाही. पण दोन्हीकडं यंत्रच असेल तर?

पटावरच्या एका स्थितीत सरासरी 35 च्या आसपास चाली शक्य असतात. सगळ्या तपासत बसलं तर एक चाल पुढचं बघायला 35 पट वेळ लागेल. 'अल्फा-बीटा' नावाची छाटणी निरुपयोगी फांद्या न बघताच सोडते. ती उत्तम जमली तर हाच खर्च सहा पटीवर येतो. आजची इंजिनं आणखी धाडसानं छाटतात आणि दुपटीच्या आसपास पोचतात. आपल्याकडं बोअर मारताना खोल जाईल तसा फुटाचा दर चढतो. इथं तर पुढचा प्रत्येक फूट आधीच्या फुटाच्या कितीतरी पट महाग.

खरी गंमत इथंच आहे. समजा, एक इंजिन दुसऱ्याच्या पाचपट वेगानं स्थिती तपासतं, पण एक पायरी खोल जायला, म्हणजे आणखी एक चाल पुढचं बघायला, त्याला सहापट वेळ लागतो. दुसरं संथ, पण त्याचं तिपटीत भागतं. डाव अगदी झटपट असला तर पहिल्याचा वेग कामी येतो. आता दोघांनाही 36 पट वेळ द्या. पहिल्याला दोनच पायऱ्या जास्त मिळतील, दुसऱ्याला तीनाहून जास्त. वेळ वाढवत गेलं की कधीतरी संथवालं पुढं निघतंच.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या आपल्या 'बेल' यंत्राला त्याच्याशीच खेळवलं, फक्त खोली कमीजास्त केली. एक पायरी जास्त बघणारं बेल साधारण 200 एलोनं (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजायचं माप) सरस ठरलं, म्हणजे सामन्यातल्या चारातले तीन गुण त्याचे. पण हा दर कायम टिकत नाही. आजची बलाढ्य इंजिनं भरपूर वेळ मिळाला की चुकतच नाहीत म्हणा ना. डाव बरोबरीत सुटत जातात आणि दोघांतलं अंतर आक्रसतं. बोअरला पाणी आधीच लागलंय, आणखी खोल जाऊन किती वाढणार?

2017 मध्ये अल्फाझिरो या इंजिननं स्टॉकफिश या दुसऱ्या बलाढ्य इंजिनविरुद्ध 100 पैकी 28 डाव जिंकले, 72 बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. तेव्हा प्रत्येक चालीला नेमकं एक मिनिट दिलं होतं. त्यावर आक्षेप आला, आणि माझ्या मते तो रास्त होता. स्टॉकफिश सोप्या जागी वेळ वाचवून अडचणीच्या जागी खर्च करतं. ठरीव मिनिटानं ते कसबच हिरावून घेतलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या लढतीत तीन तास आणि दर चालीला 15 सेकंद, असं घड्याळ ठेवलं. 1,000 डावांत अल्फाझिरो 155 जिंकलं, 6 हरलं. सेकंदाला ते बघत होतं सुमारे 60 हजार स्थिती, आणि स्टॉकफिश सुमारे 6 कोटी!

पोरगं म्हणालं, "मग मी मोबाइलवरच दोघांना लावून बघतो." लाव की. फक्त मोबाइल तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, म्हणजे न सांगता वेळ कापल्यासारखंच. मे महिन्यात लातूरला मी असल्या लढती पहाटे चारला लावतो.