मोठी रिम की मोठा टायर? हॅचबॅकची चाकं बदलण्याआधी

"भाऊ, सोळाचे अलॉय टाकून द्या, गाडी उचलून जाईन." तालुक्याच्या टायर दुकानात ही मागणी नेहमीची आहे. गाडीचं पोट पांदण रस्त्यावर घासतं, म्हणून माणूस चाक मोठं करायला येतो. अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या रिम, बसतात, गाडी दिसायला झकास होते, आणि घरी जाताना त्याच जागी पोट पुन्हा तेवढंच घासतं. रिमचा इंच वाढला म्हणजे चाक उंच झालं, असं होत नाही. मोठी रिम आणि मोठा टायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खराब रस्त्यावर त्यांचे परिणाम जवळजवळ उलटे होतात.

टायरच्या भिंतीवरचा आकडा वाचला की हे उलगडतं. १६५/८० आर १४ यात १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रबरी भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. १४ हा रिमचा व्यास, इंचात. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिमी, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की अख्खं चाक ६१९.६ मिमी. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला हा साइज येतो, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. त्याचा हिशेब ६२१.५ मिमी. बलेनोच्या वरच्या मॉडेलचा १९५/५५ आर १६ घ्या, ६२०.९ मिमी. रिम चौदाची सोळा झाली, पण चाकाच्या उंचीत दोन मिलिमीटरचाही फरक नाही. कंपनी हे मुद्दाम जुळवते, कारण स्पीडोमीटर, गिअरचं गणित आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकाच्या ठरावीक घेरावर बेतलेले असतात.

मग रिमने घेतलेली जागा गेली कुठून? रबराच्या भिंतीतून. १३२ ची १२० झाली, १२० ची १०७. गड्ड्याचा काठ आणि रिमची कड यांच्यामध्ये आधी होतं त्यापेक्षा पंचवीस मिलिमीटर रबर कमी. आपल्याकडच्या रस्त्यांना हेच सोसत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर कडेने सुटत जातं. त्यामुळे गड्ड्याचा काठ गोल नसतो, गिट्टीचा उभा, धारदार असतो. त्यावर साठच्या वेगाने चाक आदळलं की भिंत दोन्हीकडून चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि एक-दोन दिवसांत बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. त्या फुग्याला दुरुस्ती नाही, तो टायर उतरवायचाच. लोखंडी रिम अशा धक्क्याने वाकते, ती गावातही ठोकून सरळ होते. अलॉयला तडा जाऊ शकतो. तडा बारीक असेल तर डोळ्यांना दिसत नाही, फक्त रोज हवा कमी होत राहते. तडा गेलेली अलॉय वेल्ड करून परत वापरू नये, रिम बदलावी.

मोठ्या रिमचे फायदेही खरे आहेत. भिंत बुटकी आणि टायर रुंद, त्यामुळे वळणावर गाडी कमी डोलते, स्टिअरिंग लगेच ऐकतं. समृद्धी महामार्गावर महिन्यातून चार चकरा असतील तर हे जाणवेल. गाव ते बाजार समिती एवढीच धाव असेल तर त्या पैशाचा उपयोग नाही.

आता मोठा टायर. रिम तीच चौदाची, टायर १७५/८० आर १४. चाक ६३५.६ मिमीचं होतं, म्हणजे व्यासात १६ मिमी वाढ. गाडी मात्र आठच मिमी उचलते, कारण उरलेली अर्धी वाढ एक्सलच्या वर जाते. आठ मिमी म्हणजे करंगळीच्या जाडीइतकंही नाही. पण भिंत १४० मिमीची झाली, आणि गड्ड्यात खरी कामाला येते ती हीच. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. चाकाचा घेर अडीच टक्क्यांनी वाढल्याने हजार किलोमीटर धावल्यावर मीटर ९७५ च्या आसपास दाखवतो, म्हणून ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं. पहिल्या गिअरचा जोर थोडा कमी होतो. रपटा चढताना चार माणसं बसली असतील तर कळतं. वाढ तीन टक्क्यांच्या आतच ठेवा. त्याच्या पुढे गेलात तर पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासायला लागतो.

विदर्भाच्या उन्हाचा हिशेब दोन्हीला लागू आहे, बुटक्या टायरला जास्त. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधल्या हवेचा दाब एक पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं माप) वाढतो. सकाळी २८ अंशांना ३३ पीएसआय असलेला टायर दुपारी ४५ अंशांना ३६ दाखवतो. दुकानदार "हवा जास्त आहे" म्हणून तीन पीएसआय सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर ३० वर आलेला असतो. १०७ मिमीच्या भिंतीला तीन पीएसआयची तूट म्हणजे गड्ड्यात थेट रिमला मार. हवा सकाळीच, गाडी चालवण्याआधी मोजायची.

अलॉय घ्यायचेच असतील तर इंचाआधी बाकीचे आकडे पाहा. नटांच्या भोकांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी: स्विफ्ट आणि आय ट्वेंटीचं ४ × १००, फिगोचं ४ × १०८, पोलोचं ५ × १००. "थोडं ओढून बसतं" असं कुणी म्हटलं तर ती रिम घेऊ नका. मधलं भोकही बघा. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास ५४.१ मिमी, बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक ७३.१. मध्ये ही फट भरणारी हबरिंग टाकली नाही तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

सगळ्यात जास्त फसगत ऑफसेटमध्ये होते. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे; हा आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं. मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५ असेल, आणि तुम्ही साडेसहा इंच, ऑफसेट ३५ ची घेतली, तर बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी बाहेर येते. रिकाम्या गाडीत काही वाटत नाही. लग्नाला पाच जण बसले की मडगार्डची कड मागचा टायर कापायला लागते. म्हणून दुकानातून निघण्याआधी मागच्या सीटवर तीन माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि गतिरोधकावरून हळू न्या. आवाज आला तर तिथेच उतरवा.

टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो याचा आकडा, मूळपेक्षा कमी नको: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या साइजपलीकडे जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. बाहेरून बसवलेले अलॉय विमा पॉलिसीत नोंदवून घ्या.

पावसाळ्यात रिमच्या आतल्या गोलाईत काळा चिखल बसतो आणि सुकल्यावर विटेसारखा घट्ट होतो. एका बाजूला पाव किलो जरी राहिला तरी स्टिअरिंग हलतं, आणि लोक बॅलन्सिंगला पळतात. आधी चाकाच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

आमचा सल्ला सरळ आहे. गाडी चौदाची असेल आणि रोजचा रस्ता गावचा असेल तर पंधराच्या पुढे जाऊ नका. गाडी घासते ही तक्रार असेल तर आधी सस्पेन्शन तपासा. बसलेली स्प्रिंग आठ मिमीपेक्षा जास्त उंची खाऊन टाकते.

राहिली स्टेपनी. मोठ्या रिमसोबत चाकाचा घेर तोच असेल तर जुनी चौदाची स्टेपनी पंक्चरवाल्यापर्यंत बिनधास्त चालते. टायर मोठा केला असेल तर पाचवाही त्याच साइजचा घ्या, नाहीतर पुढच्या दोन चाकांचा घेर वेगळा होऊन डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत फिरत राहतं. अलॉयचे नट वेगळे असले तर ते लोखंडी स्टेपनीला बसतीलच असं नाही. मूळ चार नट कापडात गुंडाळून डिकीत जॅकशेजारी ठेवा. नवे अलॉय लावल्यावर नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या जोरावर, कसा, बहुतेक हॅचबॅकला तो ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, आणि शंभर किलोमीटरनंतर एकदा परत पाना लावून पाहा.