संग्रहालय-प्रेक्षक मापन (विद्यापीठीय)

विद्यापीठाच्या संग्रहालयात कोण येते, कशासाठी येते व काय घेऊन परतते याची पद्धतशीर नोंद. अशा संग्रहालयांत ऑक्सफर्डचे अ‍ॅश्मोलियन (१६८३) प्राचीन गणले जाते.

या अभ्यासाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. जर्मन चित्रकार हॉल्बाइनच्या मडोना-चित्राच्या (मेरीमातेच्या चित्राच्या) दोन प्रतींपैकी अस्सल कोणती हा वाद चालू असता, १८७१ मध्ये ड्रेस्डेन येथील प्रदर्शनात जर्मन मानसशास्त्रज्ञ गुस्टाफ फेख्नरने वही ठेवून प्रेक्षकांची पसंती विचारली. अकरा हजारांवर लोक येऊन गेले. उत्तरे शंभराच्या थोडी पुढे, त्यांतलीही बरीच निरुपयोगी. काही अभ्यासक येथूनच आरंभ धरतात. मात्र फेख्नरचे कुतूहल चित्राविषयी होते, प्रेक्षक हे केवळ साधन. बॉस्टनच्या संग्रहालयातील बेंजामिन गिलमनने १९१६ मध्ये वाकून, उकिडवे बसून पाट्या वाचणाऱ्या माणसाची छायाचित्रे घेऊन प्रेक्षकाच्या थकव्याचा दोष कपाटांच्या मांडणीवर ठेवला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सनने (१९२८) प्रेक्षकाच्या नकळत त्याचे थांबे व वेळ मोजला. शास्त्राचा आरंभ येथून मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अभिप्राय-वहीतील ‘छान’, ‘माहितीपूर्ण’ या शेऱ्यांपेक्षा ही पद्धत अजूनही भरवशाची.

भेटीच्या हेतूंसाठी अमेरिकन संग्रहालय-अभ्यासक जॉन फॉकचे वर्गीकरण (२००९) रूढ आहे : जिज्ञासू, इतरांना घेऊन येणारा, ‘पाहून आलो’ म्हणणारा, व्यावसायिक वा हौशी जाणकार, निवांतपणा शोधणारा. विद्यापीठात यापैकी कशातही न बसणारा वर्ग मोठा असतो : सरांनी पाठवलेला विद्यार्थी. त्याच्या भेटीची लांबी त्याच्या आवडीची खूण मानता येत नाही. त्याची नोंद वेगळी ठेवावी लागते.

ठाण्याला आणखी एक हेतू लक्षात घ्यावा लागतो. शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा (इ. स. १०१७) ताम्रपट ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदताना १७८७ च्या सुमारास मिळाला. अशा वस्तूपुढे लिपीचा जाणकार थांबतो तसा ‘हे आमच्या ठाण्याचं’ म्हणणारा रहिवासीही. फॉकने पुढे जोडलेल्या आपुलकीशोधक वर्गात तो मोडतो. बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तेथील विद्यार्थी एकाच वेळी ‘पाठवलेला’ आणि ‘आपला’ असू शकतो, त्यामुळे प्रश्नावलीत एकच पर्याय निवडायला लावणे चुकीचे ठरते. नवी मुंबईत ऋतूचा प्रश्न येतो. ठाणे खाडीतील रोहित पक्षी मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यात दिसतात, म्हणून खाडीविषयक दालनाची पावसाळ्यातील गणना वर्षभराला लावता येत नाही.