‘दहापट दंड’ची पाटी आणि कायदा

कोल्हापुरात महाद्वार रोडला नाहीतर राजारामपुरीत कपड्याच्या दुकानात शिरा, गल्ल्यामागं पाटी दिसतेच: ‘चोरी सापडल्यास दहापट दंड’. लोकांना वाटतं, दुकानदाराला तसा हक्कच आहे. अजिबात नाही. दंड ठोठावतं ते न्यायालय. धाक घालून पैसे उकळले तर गुन्हा दुकानदारावरच दाखल होऊ शकतो. कोंडून ठेवलं तर तो आणखी वेगळा गुन्हा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण माल ५,००० रुपयांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. शिवाय ५,००० च्या आतली चोरी अदखलपात्र. म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीससुद्धा तपास करत नाहीत, मग दुकानदारानं झडती घेणं लांबच राहिलं.

चोराला पाटीपेक्षा ‘या ताई, काय दाखवू?’ जास्त नडतं. ओळखीच्या एका दुकानात ट्रायल रूमबाहेरचा पोरगा आत जाताना कपडे मोजतो, बाहेर येताना परत मोजतो. पाटी अजून आहे तिथं. तिच्यावर आता कॅलेंडर टांगलंय.