दामदुप्पट

दामदुप्पट : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा हिंदू धर्मशास्त्रातील ऋणविषयक नियम. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आढळतो. शंभर रुपये दरसाल १२ टक्क्यांनी काढले आणि १२ वर्षे काहीच फेडले नाही, तर व्याज होते १४४. सावकाराला मागता येतात १००च. धान्याच्या कर्जाला मात्र पाचपटीपर्यंत मुभा. शिवाय व्याजाचा दर वर्ण पाहून ठरे : ब्राह्मणाला दरमहा २ टक्के, शूद्राला ५. नियमाचे गोडवे गाताना ही ओळ सहसा गाळली जाते.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी नियम पाळला, तोही मूळ ऋणको हिंदू असेल तरच. पळवाट सोपी होती. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत (कर्जरोखा) लिहायचे, खाली निरक्षर कुणब्याची सहीऐवजी ‘निशाणी नांगर’. खत पालटले की कालचे व्याज आजचे मुद्दल. १८७५ मध्ये पुणे-नगरकडील शेतकऱ्यांनी अशी खते हिसकावून जाळली. त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा सातारा जिल्ह्यालाही लागू झाला (सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यातच). खतामागचा हिशेब पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. १९४३–४६ मध्ये कुंडल परिसरातील प्रतिसरकारने (इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारने) कचेरीची वाटच सोडली आणि सावकारांकडच्या गहाण जमिनी परस्पर सोडवून दिल्या.

इस्लाममध्ये व्याजच निषिद्ध आहे. बायबलच्या लेवीय ग्रंथात (अध्याय २५) दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. त्या ‘जुबिली’ वर्षाचे नाव घेऊन ‘जुबिली २०००’ ही गरीब देशांच्या कर्जमाफीची चळवळ उभी राहिली. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमच्या जी-८ (आठ बड्या देशांच्या) बैठकीभोवती सुमारे ७०,००० लोकांनी मानवी साखळी केली. कित्येक देशांनी घेतले त्याहून जास्त फेडले, तरी बाकी उरतेच, हा त्यांचा मुद्दा वाळव्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागला नसता. पण देशांची खते उघडून पाहणारा मुन्सफ कोणी नाही. जागतिक बँक व नाणेनिधीची १९९६ ची सवलत योजनाही धनकोंनीच आखलेली, त्यांच्याच अटींवर.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात मुद्दलाहून जास्त व्याज घेण्यास मनाई आहे, ऋणको कोणत्याही धर्माचा असो. साताऱ्या-सांगलीत मात्र आता ‘दामदुप्पट’ म्हटले की ठेव दुप्पट करून देतो म्हणणारा एजंटच आठवतो.