सालदाराचा हिशेब आणि सात सह्या

खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला (अक्षय तृतीयेला) सुरू होतं. जुनं साल संपतं, नवं ठरतं: रोकड किती, धान्य किती, मधे घेतलेली उचल किती वळती करायची. सालदाराचा हिशेब तोंडी, मालकाचा वहीत. दोन्ही जुळले नाहीत तर खरा कोणता धरला जातो, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. हाच सालदार निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभा राहतो तेव्हा मात्र त्याचं आणि मालकाचं मत सारखंच मोजलं जातं. आखाजीला गप्प बसलेला माणूस मतदानाच्या दिवशी नागरिक कसा होतो, किंवा होतो का, हा समाजशास्त्राचा जुना प्रश्न आहे.

सरळ उत्तर असं, की शाळा काढा, लोक शहाणे होतील. सेमूर मार्टिन लिपसेट या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्ये दाखवलं होतं, की शिकलेल्या आणि सुस्थितीतल्या देशांत लोकशाही जास्त टिकते. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असं होत नाही. शिकलेल्या देशांत फ्रीजही जास्त असतात, म्हणून कुणी फ्रीजला लोकशाहीचा आधार म्हणत नाही. २००५ मध्ये अर्थतज्ज्ञ दारोन असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशांची आपसांत तुलना न करता प्रत्येक देशाची त्याच्याच आधीच्या स्थितीशी तुलना केली. शिक्षण वाढलं की त्यामागून लोकशाहीही वाढते, असं त्यात दिसलं नाही. आपल्याकडे तर गरीब आणि कमी शिकलेली माणसंही हिरिरीने मतदान करतात. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण जगाची पारख त्यांच्याएवढी किती पदवीधरांना आहे?

मग शाळा नेमकं काय करते? पश्चिम केनियात मुलींना गुणांवर शिष्यवृत्ती देण्याचा एक कार्यक्रम झाला. काही शाळांना तो चिठ्ठ्या टाकाव्यात तसा दिला गेला, काहींना नाही. त्यामुळे पुढे दिसलेला फरक शिष्यवृत्तीचाच, असं म्हणता आलं. काही वर्षांनी अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि इतरांनी त्याच मुलींना गाठलं. नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे, हे मान्य करणाऱ्या त्यांच्यात कमी होत्या. राजकारणाची माहितीही वाढली होती. मतदान किंवा गावच्या कामातला सहभाग मात्र वाढला नव्हता. घरात नको म्हणायचं बळ आलं होतं, चावडीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

इथे कामगारांची संघटना येते. तिचा परिणाम मोजायला अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी नामी युक्ती केली. आपल्याकडे समजा, महाराष्ट्रातलं शिरपूर आणि मध्य प्रदेशातलं सेंधवा. पाऊस तोच, कापूस तोच, महामार्ग तोच. पळासनेरच्या पुढे फक्त राज्य बदलतं. एका बाजूला कायदा बदलला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फरकाचं कारण शोधणं सोपं होतं. अमेरिकेत काही राज्यांनी वर्गणीची सक्ती काढून संघटनांची ताकद मोडणारे कायदे केले. सीमेला लागून असलेल्या शेजारी जिल्ह्यांची तुलना केल्यावर दिसलं, की कायदा झालेल्या बाजूला मतदान २ ते ३ टक्के बिंदूंनी घसरलं. मजुरीची घासाघीस करणारी संघटनाच माणसाला मतदान केंद्रापर्यंत आणत होती.

हे कसं घडतं, याचं उत्तर मला आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात दिसतं. वाचायला तो रुक्ष आहे. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या. दरवर्षी तपासलेला हिशेब सरकारला द्यायचा. आणि माझं आवडतं कलम: हिशेबाच्या वह्या सभासदाला बघता आल्या पाहिजेत. ज्याला मालकाच्या वहीला हात लावता येत नव्हता, तो आपल्याच पुढाऱ्याची वही उघडून बसू शकतो. आमदाराला जाब विचारण्याची तालीम इथे होते.

अर्थात संघटना म्हणजे लोकशाहीच, असं नाही. पुढारी एकदा खुर्चीवर बसला की उठत नाही, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्सने १९११ मध्येच मांडलं होतं. दोन-चार युनियनच्या कचेऱ्या पाहिलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागणार नाही. याला मोठा अपवाद अमेरिकेतल्या छापखान्यांच्या कामगार संघटनेचा. तिच्यात अनेक दशकं दोन पक्ष होते आणि सत्ताधारी गट निवडणुकीत चक्क हरायचा. तिचा अभ्यास करणारा होता तोच लिपसेट. त्याचे वडील याच संघटनेचे सभासद होते. छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणारे ते कामगार, वाचल्याशिवाय त्यांचं कामच होत नसे. वाचणारे सभासद आणि उघडी वही एकत्र आली, की पुढाऱ्याला झोप लागत नाही.

खानदेशात शाळा आणि संघटना हे दोन धागे फार पूर्वी एकत्र आले. १९२४ ते १९३० साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. पुढे तेच अमळनेरच्या गिरणी कामगारांत काम करू लागले. १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती तिच्या पुढे. मागण्या होत्या मजुरीच्या आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींच्या. पण त्या काळातल्या एका शिबिरात बायकांनी मजुरी बाजूला ठेवून दारूचा आणि मारहाणीचा विषय काढला, आणि उठून दारूची मडकी फोडायला निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींनी शाळा पाहिली नव्हती. केनियातल्या मुलींना जे उमगलं होतं तेच यांनाही उमगलेलं, फक्त यांच्या शेजारी चारचौघी बसलेल्या होत्या.

आज शाळेतही तसा मांडव घातलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत असं ठरवलं. शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कुठे गेला ते पाहायचं, हे त्यांचं काम. सभा न होता सभेची वही सहीसाठी घरी आली, तर सालदाराचीच गोष्ट पुन्हा. कापसाच्या वेचणीवरून दमून आलेली आई सही करण्याआधी तिसरी-चौथीतल्या पोरीला हाक मारून वरचा मजकूर वाचून घेते, तेव्हा मात्र वही घेऊन आलेल्याला जरा वेळ थांबावं लागतं.