नवा अल्टरनेटर, तरी बॅटरी डाऊन: चार्ज बनत नाही की पोचत नाही?

अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बोलीत 'डायनामो') बदलला, बिल भागवलं आणि दोन दिवसांत सेल्फ पुन्हा नुसता टिकटिक करू लागला. मग साताऱ्यात काय नि सांगलीत काय, पहिला निकाल ठरलेला: 'डायनामोच खराब आलाय, बदलून आणा.' कधी तो खरा निघतो. पण इथे दोन वेगळे बिघाड एकच सोंग घेऊन येतात. पहिल्यात अल्टरनेटर करंट बनवतच नाही. दुसऱ्यात तो नीट बनवतो, पण बॅटरीपर्यंत पोचत नाही. दुसरा बिघाड असेल तर आणखी एक अल्टरनेटर आणूनही गाडी तशीच राहणार.

दोन्ही वेगळे करायला साधा मल्टीमीटर पुरतो, डीसी २० व्होल्टवर. आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. गाडी तासाभर बंद ठेवल्यावर तिने १२.६ च्या आसपास दाखवावं; १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. पार उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले आकडे फसवतात. शिवाय अशी बॅटरी भरायला नवा अल्टरनेटर जुंपला की तो बराच वेळ पूर्ण ताकदीने ओढत राहतो, तापतो, आणि त्याचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जायची वेळ येते.

आता इंजिन चालू करा, आरपीएम दीड-दोन हजारांवर धरा, हेडलाईट हाय बीमवर आणि ब्लोअर फुल. मीटरची काळी प्रोब (टोकदार वायर) बॅटरीच्या मायनसवर. लाल प्रोब आधी बॅटरीच्या प्लसवर, मग अल्टरनेटरमागच्या जाड बोल्टवर, ज्याच्याजवळ बहुधा बी प्लस किंवा नुसतं बी कोरलेलं असतं. प्रोब बोल्टच्या किंवा बॅटरीच्या टर्मिनलच्याच धातूवर टेका, वरच्या नटावर किंवा क्लॅम्पवर नको. गंज त्यांच्या सांध्यातच असतो.

दोन्हीकडे १२.१ आलं, तर चार्ज बनत नाही. बोल्टवर १४.६ आणि बॅटरीवर १२.३ आलं, तर बनतोय पण वाटेत अडतोय. दोन्हीकडे १३.८ ते १४.५ असेल, तर चार्जिंगला दोष देऊ नका. मे महिन्यातल्या सांगलीच्या उन्हात गरम इंजिनवर १३.६ दिसलं तरी घाबरू नये. तापमान वाढलं की बरेच रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा भाग) व्होल्टेज मुद्दाम थोडं उतरवतात. खंबाटकीच्या जॅममध्ये एसी-लाईट चालू ठेवून गाडी आयडलवर उभी असेल, तर आकडा आणखी खाली येतो, कारण आयडलला अल्टरनेटर छापील अँपिअरच्या बराच खाली असतो.

बनत नसेल तर सुरुवात डॅशबोर्डपासून. चावी ऑन, इंजिन बंद: बॅटरीचा लाल दिवा पेटलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत रोटरला (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला) पहिला करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला किंवा अल्टरनेटरची बारीक वायर सॉकेटमध्ये नीट बसली नाही, की रोटरमध्ये चुंबकत्वच येत नाही. म्हणून याच अवस्थेत स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. ओढ जाणवली तर रोटरला करंट मिळतोय. ओढ नसेल आणि दिवाही नसेल, तर वायर किंवा बल्ब बघा. दिवा पेटतोय पण ओढ नाही, तर कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) किंवा रेग्युलेटरकडे वळा. ज्या नव्या गाड्यांत ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) चार्जिंग चालवतो, तिथे ही परीक्षा लागू पडेलच असं नाही. तिथे वेगळीच गफलत होते: अल्टरनेटर ब्रॅकेटवर चपखल बसतो, सॉकेटही जुळतं, पण आतला रेग्युलेटर दुसऱ्या पद्धतीचा असतो. जुन्या युनिटचा पार्ट नंबर ताडून पाहा. पुलीच्या खाचाही मोजा. सहा खाचांचा पट्टा पाच खाचांच्या पुलीवर घसरणारच.

पोचत नसेल तर संशय आधी बसवणाऱ्यावर घ्यावा, मग मालावर. बी प्लसची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतो. बॅटरीचा मायनस न काढता काम केलं आणि पाना त्या बोल्टवरून इंजिनला टेकला, की एक ठिणगी उडते आणि मेन फ्यूज जातो. ८० ते १२० अँपिअरचा हा फ्यूज बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या प्लसजवळच्या डबीत असतो. तपास सोपा: इंजिन बंद करून बी प्लस बोल्टवर व्होल्टेज बघा. बॅटरीइतकंच आलं पाहिजे. शून्य आलं तर फ्यूज उडालाय किंवा वायर तुटलीय.

फ्यूज शाबूत असेल तर इंजिन पुन्हा चालू करून, लाईट-ब्लोअरचा लोड चालू ठेवून एक प्रोब बी प्लस बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. ०.३ व्होल्टच्या आत फरक चालतो, ०.५ च्या वर गेला तर थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) सैल किंवा गंजलेलं आहे. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस: इथे ०.२ च्या वर नको. रिकंडिशन अल्टरनेटरवर बरेचदा चकचकीत चंदेरी स्प्रे मारलेला असतो, अगदी माउंटिंगच्या कानांवरही. दिसायला झकास, पण त्या रंगामुळे अल्टरनेटरला अर्थ (मायनसची जोडणी) मिळत नाही. कान आणि ब्रॅकेट पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. इंजिन ते बॉडी अर्थपट्टी परत लावलीय ना, तेही बघा. २०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांत थिंबलजवळचं इन्शुलेशन थोडं सोलून पाहावं. वरून धडधाकट वायर आत हिरवी पडलेली असते. असा तुकडा कापून त्याच जाडीचं नवं थिंबल दाबून बसवावं. नुसता टेप गुंडाळणं म्हणजे बिघाड झाकून ठेवणं.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'बघा, गाडी चालू राहते, म्हणजे डायनामो चांगला' हा प्रयोग कुणालाही करू देऊ नका. वायर सुटताच व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं. जुन्या डिझेल जीपने ते पचवलं असेल, आजच्या गाडीत रेग्युलेटर किंवा ईसीयू जाऊ शकतो.

दोन्ही आकडे चांगले आणि तरी सकाळी बॅटरी डाऊन? मग गाडी बंद असताना होणारी करंटची गळती शोधा. सगळं बंद करून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन बॅटरीचा मायनस आणि त्याची सोडवलेली वायर यांच्या मधे जोडा. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. जास्त दिसलं तर अल्टरनेटरची बी प्लस वायर काढून मोजा, आधी मायनस सोडवून. आकडा एकदम खाली आला तर नव्या अल्टरनेटरचा डायोड शॉर्ट आहे, आणि तो वॉरंटीत परत न्यायला आता काहीच हरकत नाही. मीटर जोडलेला असताना मात्र सेल्फ मारू नका, मीटरचाच फ्यूज उडेल.